पिकअप पिकअप घेत नाही

प्रति,
रा. रा. अर्थिंग बोल्ट,
मुक्काम बॅटरीच्या ट्रेखाली, चॅसीची डावी बाजू,
जयसिंगपूर, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर.

विषय: आपण केलेल्या नऊ महिन्यांच्या सेवेबद्दल जाहीर आभार.
संदर्भ: आपल्या कृपेने माझ्याकडे साठलेली बिले, एकूण ११.

महोदय,

स. न. वि. वि. आपली माझी समोरासमोर गाठ पडली ती गेल्या मंगळवारी. वायरमन मामांनी बॅटरी उचलून बाजूला ठेवली, गंजका ट्रे हलवला आणि आत बॅटरी मारली, म्हणजे हातातली, तेव्हा. त्याआधी नऊ महिने आपण माझ्याच गाडीत राहत होता, माझ्या पैशानं फिरत होता. म्हापशाचा बाजार केलात, आंबोलीचा पाऊस बघितलात, वाडीला जाऊन दत्ताचं दर्शनही घेऊन आलात. पण ओळख म्हणून दिली नाहीत. मोठी माणसं अशीच असतात.

ज्यांनी आपल्याला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात वर्णन करतो. उंची इंचभर. डोकं दहाच्या पान्याचं. किंमत कटिंग चहापेक्षा कमी. गळ्यात काळ्या वायरींची चार थिंबलं एकावर एक, सत्कारमूर्तीच्या गळ्यात हार असावेत तशी. एक थिंबल हेडलाइटचं, एक ब्लोअरचं, एक वायपरचं आणि चौथं ईसीयूचं, म्हणजे या गाडीच्या मेंदूचं. चौघांचा जीव आपल्या एका मानेवर टांगलेला. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी रोज सकाळी आपल्याला अगरबत्ती ओवाळली असती.

आपला पहिला प्रसाद मिळाला तो नोव्हेंबरात. गुरुवारी रात्री नांदणीत ढबू मिरची, दोडका, वांगी भरायची, इचलकरंजी-कागल-निपाणी करत उत्तूर, आजरा, आंबोली उतरून शुक्रवारच्या बाजाराला म्हापसा गाठायचं आणि दुपारी रिकामे क्रेट घेऊन परतायचं, हा माझा नेम. आजऱ्याच्या पुढं, रात्री दीडच्या सुमाराला, तिसऱ्या गिअरात, गाडीनं उचकी दिली. एकच. पाय अॅक्सिलरेटरवर तसाच, रस्ता मोकळा, आणि इंजिननं अर्धा क्षण श्वास अडकल्यासारखं केलं. मागचे क्रेट खडखडले. मग काही झालंच नाही अशा थाटात गाडी पुढं. क्लीनर झोपेतनं उठला, "काय धडकलं?" म्हणाला, आणि उत्तर ऐकायच्या आत परत झोपला.

घरी सांगितलं तेव्हा आईनं भाकरी थापता थापता निदान केलं. "उचकी लागलीया न्हवं? मग कोन तरी आठवण काढत असंल गाडीची." आम्ही हसलो. आई बरोबर बोलली होती हे कळायला जुलैचा शेवट उजाडला. त्यावर पुढं येतो.

तर उचकी. रोज लागली असती तर तिचा बंदोबस्त झाला असता. कायमचा मेलेला भाग कुणालाही सापडतो. दिवा लागत नाही, बल्ब बदला, विषय संपला. आपण मात्र रसिक. चार दिवस गप्प, पाचव्या दिवशी सलग सहा उचक्या. सकाळी नाही, रात्री. कोरड्यात क्वचित, पावसात हटकून. गॅरेजच्या दारात तर कधीच नाही. मिस्त्री शेजारी बसून अंकलीच्या पुलापर्यंत चक्कर मारून आला की आपण असे शहाणे वागायचा की तो माझ्याकडंच संशयानं बघायचा. "गाडी एक नंबर हाय. तुमी झोप काढत जावा जरा." घरोघरी एखादं पोर असतं बघा, पाहुणे आले की मांडी घालून शुभंकरोती म्हणणारं. त्याच जातीचे आपण.

मी मिस्त्रीला सांगायचो, "पिकअप पिकअप घेत नाही." पहिल्यांदा तो हसला. चौथ्यांदा हसला नाही.

पहिला आळ गेला डिझेलवर. आपल्याकडं गाडी खोकली की पंपवाला चोर, ही रीतच आहे. ज्या पंपावर मी भरतो तिथल्या पोराला मी चारचौघांत बोललो. मग पुरावा हवा म्हणून काचेच्या बरणीत लिटरभर डिझेल काढून रात्रभर खिडकीत ठेवलं. पाणी डिझेलपेक्षा जड असतं. मिसळलेलं असेल तर सकाळी तळाला वेगळा थर दिसतो. सकाळी बरणी तळापासून तोंडापर्यंत एकाच रंगाची, लोणच्याच्या तेलासारखी नितळ. फिल्टरच्या बुडाची चावी सोडून बघितली, तिथंही पाण्याचा थेंब नाही. त्या पोराची मी अजून माफी मागितलेली नाही. आपल्या वतीनं मागू का?

दुसरा आळ हवेवर. "लाइन एअर पकडतीया." हे मात्र मिस्त्रीनं झकास तपासलं. डिझेलच्या पाइपमध्ये वीतभर पारदर्शक नळी घातली आणि गाडी चालू ठेवून बुडबुडे शोधत बसलो, सलाइन लावलेल्या पेशंटच्या नातेवाइकासारखे. बुडबुडा नाही. पाइप बदलले तरी. आणले होतेच म्हणून.

तिसरा आळ इंजेक्टरवर, आणि इथं बिलाला चार आकडे पुरेनासे झाले. चारही इंजेक्टर उतरवून कोल्हापूरला टेस्ट बेंचवर गेले. दोन दिवस गाडी उभी, दोन दिवसांची ढबू मिरची दुसऱ्याच्या गाडीत. तिथल्या माणसानं चारही नोजलांचे फवारे दाखवले, सारखे, कारंज्यासारखे. "काढलेच आहेत तर सर्व्हिस करून टाकू," म्हणाला. काढलेच आहेत तर! मराठी माणसाचं सर्वाधिक नुकसान या तीन शब्दांनी केलेलं आहे.

इथं आपल्या मिस्त्री लोकांच्या बाजूनं दोन शब्द बोलायला हवेत. आमचा मिस्त्री ज्या काळात तयार झाला त्या काळचं डिझेल इंजिन वीज खातच नव्हतं म्हटलं तरी चालेल. सेल्फ मारून एकदा चालू झालं की पंप गिअरवर फिरायचा, डिझेल यंत्राच्या जोरावर दाबलं जायचं. डिझेलची कळ चालू ठेवायला एखादी वायर असली तर असली. बाकी बॅटरी उतरवून घरी नेली तरी गाडी गावाला पोचायची. त्यामुळं गाडी अडली की बघायचं ते डिझेल आणि हवा, हे त्याच्या हाडात मुरलेलं. माझी गाडी बीएस-४ ची. देशभर १ एप्रिल २०१७ पासून हा धुराचा नियम लागू झाला आणि जुन्या पंपाची जागा साध्या पिकअपमध्येही कॉमन रेलनं घेतली. चार इंजेक्टरांना मिळून एक जाड नळी, तिच्यात डिझेल हजार बारच्या वर दाबानं कोंडलेलं. आपल्या मागच्या टायरात असते चार-पाच बार हवा, यावरून काय तो अंदाज बांधा. आणि कुठला इंजेक्टर कधी, किती वेळ उघडायचा हे ठरवणार ईसीयू. चार सिलिंडरांचं इंजिन २,००० आरपीएमवर असेल तर दर सेकंदाला ६६ वेळा हा हुकूम सुटतो. म्हणजे मेंदूला अर्धा सेकंद भोवळ आली तर तीसेक हुकूम बुडाले. तीच माझी आजऱ्यापुढची उचकी. हे इंजिन डिझेल पितं आणि विजेवर चालतं. आम्ही सगळे त्याचं तोंड तपासत बसलो, डोक्याकडं कुणी बघितलंच नाही.

बघितलं नाही असं नाही म्हणा. चौथा टप्पा स्कॅनरचा होता. टॅब्लेट घेतलेला, टी-शर्ट घातलेला तरणाबांड पोरगा आला, स्टिअरिंगखाली कपलर जोडला आणि आत तीन कोड सापडले. एक रेल प्रेशरचा, एक अॅक्सिलरेटरच्या पेडलचा, एक कॅम सेन्सरचा. तीन खोल्यांतली, एकमेकांशी घेणंदेणं नसलेली तीन माणसं एकाच रात्री आजारी पडली, तर शहाणा डॉक्टर तिघांचं ऑपरेशन करत नाही. घरात पाणी कुठलं पिता विचारतो. आम्ही ऑपरेशन केलं. पेडलचा सेन्सर बदलला, कॅमचा बदलला. रेलच्या सेन्सरला भाव ऐकून हात लावला नाही. कोड पुसले. आठ दिवसांनी तिघंही परत हजर, नव्या सेन्सरांसकट.

त्या पोरानं अर्थिंगही बघितलं होतं, हे नमूद करतो. मीटर बीपवर ठेवला, एक टोक आपल्या डोक्यात टोचलं, एक बॅटरीच्या मायनसला. बीप वाजला. "अर्थिंग ओके, काका." आपण पास झालात. पहिल्या श्रेणीत.

घरच्यांनी आपापले उपाय केले. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची लागली. आईनं वाडीला जाऊन यायला सांगितलं, म्हणून पौर्णिमेला नृसिंहवाडीला गेलो. देवासमोर तरी गाडीचं दुखणं उघडं पडेल असं वाटत होतं. जाताना-येताना गाडी लोण्यासारखी. येताना कवठाची बर्फी आणली, ती चांगली होती. नऊ महिन्यांत पैसे वसूल झालेली ती एकच वस्तू.

आता जरा बाकावर उभे राहा, आपल्या पकडल्या जाण्याची हकिगत सांगतो.

वायरमन मामा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या खोक्यात बसणारे, सत्तरीचे, एका कानानं कमी ऐकणारे गृहस्थ. त्यांच्याकडं गाडी नेताना माझ्या मनात काही आशा नव्हती. हॉर्नचं बटण बसवायला गेलो होतो. बोलता बोलता रडगाणं गायलो. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसले, तंबाखू मळली आणि विचारत सुटले. रात्रीच का दिवसा बी? लाइट चालू असताना? पाऊस असतोय तवा? वायपर चालू? काचंवर वाफ धरती म्हणून ब्लोअर लावतासा? मी प्रत्येकाला हो, हो म्हणत गेलो आणि म्हणता म्हणता माझाच आवाज बारीक झाला. नऊ महिने हे सगळं मला माहीत होतं. पावसात उचकी लागते, रात्री लागते, हे मी दहा जणांना सांगितलं होतं. पण पाऊस म्हणजे मला ओल वाटली, रात्र म्हणजे गारवा. पावसाळी रात्री मी किती बटणं दाबतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सेल्फ कसा मारतीया?"

"एका दमात."

"म्हंजे इंजनाची जाड अर्थिंग पट्टी झकास. बारकी कुटं हाय बघूया."

मग जे झालं ते मी लहान पोरासारखं उकिडवं बसून बघितलं. मामांनी मीटर बीपवर ठेवला नाही, व्होल्टवर ठेवला. गाडी चालू. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या अंगाला: ०.०४. उत्तम. मग दुसरं टोक ट्रेखालून हात घालून थेट आपल्या गळ्यातल्या थिंबलाला. ०.१. ठीक. मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "लाइट." ०.७. "ब्लोअर, फुल." १.३. "वायपर." १.९. मग त्यांनी पान्याच्या मुठीनं ट्रेवर हलकेच टकटक केलं. आकडा उडाला, ४ झाला, २ झाला, परत ४. आणि त्याच क्षणी, नऊ महिन्यांत पहिल्यांदा, उभ्या गाडीनं माणसांसमोर उचकी दिली.

बॅटरीचा मायनस आणि ते थिंबल ही एकाच घराची दोन दारं. त्यांच्यात शून्याच्या आसपास फरक हवा, भार पडल्यावरही फार तर ०.२ व्होल्ट. इथं चार. म्हणजे बॅटरीपाशी १४ असले तरी मेंदूच्या वाट्याला दहा, आणि तेही धडधडत.

बीप का वाजला होता, हे मामांनी तंबाखूची पिंक टाकून समजावलं. मीटर तपासताना जो करंट सोडतो तो नावापुरता, एक हजारांश अँपियरच्या आसपास. सुतासारख्या एका तारेचा टेका मिळाला तरी तो पलीकडं जातो आणि बीप वाजतो. हेडलाइट, ब्लोअर, वायपर मिळून परत येतात वीसेक अँपियर. आपल्या बुडाखाली रोध होता अवघा ओहमचा दहावा हिस्सा. साध्या मीटरच्या वायरींचाच त्याहून जास्त असतो, म्हणून तो दिसतच नाही. पण वीस गुणिले एक दशांश म्हणजे दोन व्होल्ट. आपल्या टाचेखाली दोन व्होल्ट मारून बसायचं आणि बीपला सलाम ठोकायचा. एकट्या वाटसरूला वाट देणारा साकव आणि उसाची डबल ट्रॉली यांतला हा फरक. साकव बघून पूल पास करणारे आम्ही.

गाडीला वीज जाताना लाल वायरीनं जाते. परत येताना मात्र बहुतेक वाट चॅसीचं लोखंडच. तांबं वाचतं. जेवढा करंट गेला तेवढा परत आलाच पाहिजे, हे किर्खोफ नावाच्या जर्मन माणसानं १८४५ मध्ये मांडलं. शिरोळ तालुक्याला हे त्याच्याकडून शिकायची गरज नाही. ऊस गेला की १४ दिवसांत पैसे परत आले पाहिजेत, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे, आणि ते येत नाहीत हे आमच्या गावात दरवर्षी भरणाऱ्या ऊस परिषदेत ऐकू येतं. जाणं कधी अडत नाही, अडतं ते परत येणं. हे ज्या गावाच्या पोरासोरांना पाठ आहे, त्या गावात मी नऊ महिने लाल वायरी तपासल्या. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं हे गाव, गल्ल्या फुटपट्टीनं आखलेल्या, आत शिरलं की सरळ बाहेर. आपण तेवढे आडबोळ निघालात.

खात्री म्हणून मामांनी जंपर केबलचं एक टोक मायनसला, एक आपल्या चारही थिंबलांना मिळून लावलं. म्हणजे आपल्याला बाजूला सारून करंटला बायपास काढून दिला. लाइट, ब्लोअर, वायपर, टकटक, सगळं एकदम. आकडा ०.०३. गाडीनं हूं की चूं केलं नाही. आपली गरज कुणालाच नव्हती, हे आपल्यासमोर सिद्ध झालं, याबद्दल मला मनापासून वाईट वाटलं नाही.

इथपासून पुढं 'आपण' बंद. बोल्टा, तू ऐक.

तुला सोडवताना दहाचा पाना दोनदा घसरला. वरून तू कसा देखणा! काळा, गुळगुळीत, नवऱ्या मुलासारखा. थिंबलं उचलली आणि खालचं बघून मामा एकच शब्द बोलले, "कळंक." तांब्याच्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं, तसा हिरवा-पांढरा भुगा थिंबलांच्या पोटात, आणि चॅसीच्या बाजूला तपकिरी पापुद्रे. तांबं आणि लोखंड ओलीत मांडीला मांडी लावून बसले की दोघांचं पटत नाही. लोखंड झिजतं, तांबं हिरवं पडतं. हे समजण्यासारखं. पण पापुद्र्यांच्या वर, थिंबलाच्या बरोबर खाली, एक काळा चकचकीत थर होता. मामांनी नखानं खरवडला. रंग.

"कवापासनं म्हंतासा उचकी?"

"दिवाळीनंतर."

"दसऱ्याला काय केलतासा गाडीला?"

खंडेनवमीला गाडी उजळ दिसावी म्हणून मी स्वतः, रविवारचा दिवस घालवून, बॅटरी काढून, ट्रे काढून, तुलाही काढून चॅसीचा पुढचा भाग काळ्या रंगानं रंगवला होता. गंज न घासता. रंग धड वाळू न देता तुला परत आवळला. मग उरलेला रंग तुझ्या टाळक्यावरही मारला, शोभा म्हणून. त्यानंतर झेंडूचा हार घातला आणि नारळ फोडला. रंगातनं वीज जात नाही. तू बिचारा तुझ्या चार आट्यांच्या जोरावर काय पोचेल ते पोचवत होतास. आट्याही गंजत चाललेल्या.

हे मी गल्लीत कुणाला सांगितलेलं नाही. मामांना एका कानानं ऐकू येत नाही, आणि त्यांनी हे दुसऱ्या कानानं ऐकलं. त्यामुळं सगळ्या गल्लीला माहीत आहे.

पण रंगाआधीचा गंज माझा नव्हे. बोटानं चॅसीच्या खोबणीत चाचपलं तर आत मऊ काहीतरी लागलं. बाहेर काढलं, पाण्यानं भिजवून चोळलं. काळी-करडी, साबणासारखी बुळबुळीत माती. कुंकवाएवढी. ही माती ओळखायला शिरोळ तालुक्यातल्या माणसाला प्रयोगशाळा लागत नाही. पूर ओसरल्यावर घराघरातनं फावड्यानं आम्ही हीच ओढतो.

गाडी मी २०२० मध्ये नदीकाठच्या एका गावातून जुनी घेतली. आदल्या ऑगस्टात काय झालं होतं ते इथं कुणाला सांगायला नको. सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी चढलं ५७ च्या वर. पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि कोल्हापूरचा रस्ता कितीतरी दिवस बंद. जयसिंगपूर उंचावर, म्हणून काठची गावंच्या गावं आमच्याकडं वस्तीला आली होती. शाळा माणसांनी भरल्या होत्या आणि रस्ते ट्रॅक्टर, म्हशी, टेम्पोंनी. कुणाच्या गाड्या वर आल्या, कुणाच्या राहिल्या. विकणाऱ्याला मी स्पष्ट विचारलं होतं. तो म्हणाला, "पुराच्या पाण्याचा थेंब लागलेला न्हाई अण्णा, वाडीच्या दत्ताची शपथ." शपथ खोटी म्हणता येणार नाही. वाडीचा दत्त स्वतः पावसाळ्यात पाण्यात असतो. पुराचं पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि त्या सोहळ्यात स्नान करायला माणसं लांबून येतात. त्या दत्ताची शपथ घेऊन पाणी लागलं नाही म्हणणारा माणूस विनोदी असला पाहिजे. मला त्या वेळी कळला नाही.

तर आई म्हणाली ते खरं होतं. गाडीची आठवण कृष्णामाई काढत होती.

विकणाऱ्यावर मी चिडलोय का? चिडलो असतो. पण ज्याच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं, त्यानं सहा-सात महिन्यांनी गाडी विकताना काय सांगावं, याचं उत्तर मला देता येत नाही. आणि ही गाडी मी उद्या विकायला काढली तर पुराचं सांगेन की दसऱ्याच्या रंगाचं, हेही आत्ताच विचारू नकोस. म्हणून पत्र त्याला न लिहिता तुला लिहितोय. तू उलट बोलत नाहीस.

हिशेब घे. डिझेल फिल्टर, पाइप, इंजेक्टर, दोन सेन्सर, स्कॅनर तीन वेळा, भरून निघालेली दुसऱ्याची गाडी, लिंबू-मिरची धरून ३८ हजार ४०० रुपये. बर्फी वेगळी. तुझी जागा घेणारा नवा बोल्ट, चार नवी थिंबलं, दातेरी वॉशर, घासपेपर, वरून लावायला ग्रीस आणि मामांची मजुरी: ३८५ रुपये. मामांनी जागा पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासली, थिंबलं कोरडी आवळली आणि ग्रीस सगळ्यात शेवटी, वरून दिलं. "आधी नाही?" असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं रंगाच्या डब्याकडं बघावं तसं बघितलं. ईसीयूची वायर त्या चौकडीतनं काढून वेगळ्या बोल्टावर नेली. "डोस्क्याचं अर्थिंग वायपरसंगं कुनी ठेवतंय व्हय?" मी ठेवलं नव्हतं, आधीपासूनच होतं, पण गप्प बसलो.

एक गोष्ट तुझ्या बाजूनं. स्वस्तात सुटलो म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ३८ हजारांच्या दुखण्याला मला पंप हवा होता, ईसीयू हवा होता, निदान चार लोकांत सांगण्यासारखं नाव तरी हवं होतं. "काय निघालं?" असं क्रांती चौकात कुणी विचारलं की दहाचा बोल्ट म्हणायला जीभ रेटत नाही. मी म्हणतो, "इलेक्ट्रिकल होतं." समोरचा गंभीरपणे मान हलवतो.

तू सध्या बर्फीच्या रिकाम्या खोक्यात आहेस, देवघराखालच्या फळीवर, तुझ्या मातीसकट. आईनं तुला दोनदा फेकायला काढलं, दोनदा मी परत ठेवलं. शुक्रवारी आंबोलीत मुसळधार होतं. लाइट, वायपर, ब्लोअर, टेप, सगळं चालू ठेवून तिसऱ्या गिअरात घाट चढवला. उचकी नाही. क्लीनर घोरत होता.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
रंगारी

ता. क. काल रात्रीपासून हॉर्न वाजत नाही. बटण नवं आहे, मामांनीच बसवलंय. उजव्या बाजूला तुझा कुणी भाऊबंद राहतो का? नाव कळव. रंग तिकडंही मीच दिलाय.